असायलमची केस: कोर्टात पुरावा म्हणून नक्की काय चालतं?

पारिजात:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे. नावगाव लिहीत नाही आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत. मुलगा दलित, मुलगी गावातल्या वजनदार घरातली, विरोध असताना पुण्यात रजिस्टर लग्न केलं. नंतर मुलाला गाठून मारलं, डोक्याला टाके पडले, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली. मग तो मास्टर्सला इकडे आला, ती एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आली, आणि हे इकडे असताना तिच्या भावांनी गावात मुलाच्या वडलांना मारहाण केली. तेव्हा यांनी असायलमचा, म्हणजे अमेरिकेत आश्रय मिळावा असा, अर्ज केला. असायलम ऑफिसात इंटरव्ह्यू झाला पण मंजूर झालं नाही, केस आता नुअर्कच्या इमिग्रेशन कोर्टात आहे.

मी फक्त त्यांचे मराठी कागद इंग्रजीत करून देतेय. वकीलबाई दर थोड्या दिवसांनी नवीन कागद मागतात, हा दाखला आण, त्याचं अ‍ॅफिडेव्हिट आण, आणि हे दोघं आता वैतागलेत. म्हणतात आम्ही शपथेवर खरं सांगणार आहोत, जे झालं ते झालं, जीव वाचवून आलेला माणूस फाइल घेऊन पळतो का? मला पण ते पटतं. पण वकीलबाई उगाच मागत नसणार. कुणाला अनुभव असेल तर सांगा की जज्जला नक्की काय लागतं.

मृण्मयी_बे:
पारिजात, मी कॅलिफोर्नियात एका इमिग्रेशन लॉ ऑफिसात पॅरालीगल आहे, वकील नाही, तेव्हा हा कायदेशीर सल्ला समजू नये वगैरे वगैरे. पण या फाइली रोज बांधते.

पहिलं म्हणजे कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही की कागद नाही म्हणून असायलम नाही. अर्जदाराची एकट्याची साक्षसुद्धा पुरू शकते. पण २००५ च्या रिअल आयडी अ‍ॅक्टने तिला तीन अटी लावल्या. साक्ष विश्वासार्ह पाहिजे, पटण्याजोगी पाहिजे, आणि तिच्यात नेमके तपशील पाहिजेत. आणि पुढचं कलम खरं महत्त्वाचं आहे, साक्ष विश्वासार्ह वाटली तरीसुद्धा जज्ज म्हणू शकतो की या गोष्टीचा आधार आणा, आणि मग तो आणावाच लागतो, फक्त तुमच्याकडे नसेल आणि रास्त प्रयत्न करून मिळण्यासारखा नसेल तरच सूट. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की खोटं बोलत नाही म्हणजे केस सिद्ध झाली असं नव्हे.

आता सिद्ध काय करायचं असतं. लोकांना वाटतं "मला धोका आहे" एवढं सिद्ध केलं की झालं. नाही. मार किंवा धमकी छळ म्हणण्याइतकी गंभीर आहे, ती पाचपैकी एका कारणामुळे आहे, म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, आणि छळ करणारं सरकार आहे किंवा सरकार त्यांना आवरू शकत नाही नाहीतर आवरायची इच्छा नाही. शिवाय देशातल्या देशात दुसरीकडे जाऊन राहणं शक्य नव्हतं. तुमच्या वकीलबाई कागद मागताना बहुतेक हे एकेक खण भरतायत. बघ, मारहाणीचे दहा पुरावे आणि जातीमुळे मारलं याचा एकही नाही अशी फाइल कोर्टात पडते, कारण मग सरकारी वकील म्हणतो हे घरगुती भांडण आहे किंवा जमिनीचा वाद आहे. जात हे त्यातलं "एक मध्यवर्ती कारण" असल्याचं दाखवावं लागतं. एकमेव नसलं तरी चालतं.

भीती किती पक्की पाहिजे हे मात्र ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या कार्डोझा-फोन्सेका केसमध्ये म्हटलं की छळाची शक्यता दहा टक्के असली तरी भीती साधार ठरू शकते. याउलट विथहोल्डिंग नावाचं जे दुसरं संरक्षण आहे, एक वर्षाची मुदत हुकलेले लोक ते मागतात, तिथे पन्नास टक्क्यांच्या वर लागतं. म्हणून मुदतीचा पुरावा आधी बघा. इथे पोचल्यापासून एका वर्षात अर्ज, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची.

पारिजात:
बापरे, मुदत! ते दोघं येऊन वर्षाच्या वर झालं होतं अर्ज केला तेव्हा. पण तो स्टुडंट व्हिसावर होता ना पूर्ण वेळ.

मृण्मयी_बे:
मग घाबरू नको. कायदेशीर स्टेटसमध्ये असणं ही नियमांतच अपवादात्मक परिस्थिती म्हणून धरलेली आहे, आणि वडलांना मारहाण झाली ही बदललेली परिस्थिती, तो वेगळा अपवाद. पण दोन्हीला कागद पाहिजे. सगळे आय-२० (कॉलेजने व्हिसासाठी दिलेले फॉर्म), आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), कॉलेजचं एनरोलमेंटचं पत्र, आणि वडलांची मारहाण कधी झाली ते दाखवणारं काहीतरी, म्हणजे त्यानंतर रास्त वेळात अर्ज केला हे दिसेल.

कट्टेकरी:
कडू बोलतो, राग मानू नका. असायलमच्या नव्वद टक्के केसेस बनावट असतात हे सगळ्यांना माहीत आहे. एजंटला पैसे द्यायचे, बॉर्डर ओलांडायची, आणि पाठ केलेली गोष्ट सांगायची. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्यांना घेऊन मिलिटरीचं विमान अमृतसरला उतरलं तेव्हा १०४ जणांत आपले महाराष्ट्रातलेही तिघं होते. अशा लोकांमुळे रांगेत उभं राहून ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्यांची नावं खराब होतात.

मृण्मयी_बे:
कट्टेकरी, नव्वद टक्के हा आकडा कुठून आला ते सांगा, मग बोलू. आणि त्या विमानातल्या प्रत्येकाने असायलम मागितला होता असं तुम्ही धरून चाललाय, ते कशावरून? खोट्या केसेस असतात, नाही कोण म्हणतंय. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चिनी अर्जदारांना गोष्टी लिहून देणाऱ्या ऑफिसांवर धाड पडली होती, वकीलसुद्धा पकडले गेले. पण त्याचा भुर्दंड खऱ्या माणसालाच पडतो. २०१५ मध्ये बीआयएकडे, म्हणजे इमिग्रेशनच्या अपिलाच्या बोर्डाकडे, भारतातून आलेल्या एका शीख अर्जदाराची केस गेली होती, त्याचं निवेदन त्याच्या भावाच्या जुन्या अर्जाशी वाक्यच्या वाक्य जुळत होतं. बोर्डाने सांगितलं की अशी साम्यं दाखवून अर्जदाराला खुलाशाची संधी द्यायची, आणि खुलासा पटला नाही तर अविश्वास दाखवता येतो. म्हणून एजंटाकडचा तयार मसुदा वापरू नये. जाणूनबुजून खोटा अर्ज ठरला तर इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे फायदे कायमचे बंद.

हापूस:
एक प्रश्न. माझं एच-१बीचं एक्स्टेंशन अडकलंय आरएफईमध्ये (आणखी कागद मागितलेत), त्याला पण अ‍ॅफिडेव्हिट लागेल का?

पारिजात:
हापूस, वेगळा धागा काढा हो प्लीज.

तालुकावकील:
मी इकडे जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, अमेरिकेतलं काही कळत नाही, पण परदेशातून अशा कागदांसाठी पक्षकारांचे फोन येतात म्हणून लिहितो.

ताई, एनसीची प्रत आहे का त्यांच्याकडे? एनसी म्हणजे अदखलपात्र, जुनी असेल तर त्यावर ३२३, ५०४, ५०६ ही मारहाण, अपमान, धमकीची आयपीसीची कलमं लिहिलेली असणार, तारीख, ठाण्याचं नाव, नंबर असतो. नुसती एनसी म्हणून ती कमी समजू नका. उलट मार लागून डोक्याला टाके पडले आणि तरी पोलिसांनी ३२३ वर भागवलं, आणि मुलगा अनुसूचित जातीचा असून अ‍ॅट्रॉसिटी लावली नाही, हीच तर पोलिसांनी हात झटकल्याची लेखी खूण आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटीत गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. तिकडचा सरकारी वकील हुशार असला तर विचारणारच की मग तुम्ही अ‍ॅट्रॉसिटी का केली नाही. याचं उत्तर आत्ताच तयार ठेवा, खरं उत्तर.

दवाखाना सरकारी होता का? असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) रजिस्टरला नोंद असते. केसपेपर हरवला असला तरी नातेवाईक अर्ज करून नक्कल काढू शकतात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, नकार आला तर नकाराचं पत्रसुद्धा जपून ठेवा. त्यांनी एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली होती का? पोस्टाची पावती, पोचपावती, आवक शिक्का असलेली झेरॉक्स, यातलं काहीही सापडलं तर सोनं समजा. जातीचा दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला तर लागणारच.

आणि एक हात जोडून विनंती. कुणी म्हणेल मागच्या तारखेची तक्रार करून देतो, स्टेशनला आपला माणूस आहे. करू नका. एफआयआर आता ऑनलाइन दिसतात, नंबर, तारीख जुळते का हे दिल्लीत बसून कुणीही तपासेल.

मृण्मयी_बे:
वकीलसाहेब, फार उपयोगाचं लिहिलंत. तपासणीबद्दल एक जोडते, असायलम मागितलाय हे अमेरिकन सरकारने मायदेशाला कळवायचं नाही असा गोपनीयतेचा नियम आहे, पण कागद खरा की खोटा याची चौकशी होते, कागद फोरेन्सिक लॅबलाही जातात. एक खोटा कागद सापडला की बाकीचे खरे कागदही गेले.

पारिजात:
वकीलसाहेब खूप आभार. एनसी आहे! शिक्का अर्धा पुसट आहे पण आहे. दवाखाना मात्र खाजगी होता, डॉक्टर गावातलेच, आता ते कागद द्यायला तयार नाहीत. मुलीच्या काकांचं त्या दवाखान्यात वजन आहे म्हणतात. मुलाचा मित्र मारहाणीच्या वेळी तिथे होता, तो लिहून द्यायला घाबरतोय, त्याची शेती तिथेच आहे. आता या दोन्हीचं काय करायचं? वकीलबाईंनी लिस्टमध्ये दोन्ही लिहिलंय.

मृण्मयी_बे:
इथे खरी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, पण लोकांच्या केसेस इथेच हरतात आणि इथेच जिंकतात. नसलेल्या कागदाचा खुलासा फाइलमध्ये असला पाहिजे. तोंडी नाही, लेखी, तारखांसकट.

तुम्ही न्यू जर्सीत म्हणजे थर्ड सर्किट, तिथलं फेडरल अपील कोर्ट. तिथे २००१ पासून एक ठरलेला क्रम आहे: कोणत्या मुद्द्याला आधार अपेक्षित आहे ते जज्जने ओळखायचं, तो अर्जदाराने दिलाय का बघायचं, आणि दिला नसेल तर का नाही याचा समाधानकारक खुलासा आहे का ते पाहायचं. आमच्या इथे नाइन्थ सर्किटमध्ये २०११ चा निकाल आहे की जज्जने आधी सांगून कागद आणायची संधी द्यायला हवी. पण बीआयएने २०१५ मध्ये म्हटलं की अशी आगाऊ सूचना देणं सगळीकडे बंधनकारक नाही. त्यामुळे जज्ज विचारेल मग बघू या भरवशावर कुणी राहू नये.

डॉक्टरसाठी असं करा. मुलाच्या बहिणीने नाहीतर कुणीतरी दवाखान्यात लेखी अर्ज द्यायचा, रजिस्टर पोस्टाने, पावती ठेवायची. उत्तर नाही आलं तर तिने एक निवेदन लिहायचं, अमुक तारखेला मागितलं, अमुक माणूस असं बोलला. झालं, हा पुरावा झाला. जखमेची खूण राहिली असेल तर इथल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. त्यावेळचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर नुसते प्रिंट नको, मूळ फाइल ठेवा, तिच्यात तारीख असते. मेडिकलच्या दुकानाचं बिल, टाके काढायला दुसरीकडे गेला असेल तिथली चिठ्ठी, त्या दिवशी भावाला केलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. लोक मोठे शिक्क्याचे कागद शोधतात आणि हे टाकून देतात. माझा अनुभव असा की त्याच वेळी, केसचा विचारही डोक्यात नसताना पाठवलेला मेसेज जज्ज जास्त मानतात, नंतर लिहून घेतलेल्या अ‍ॅफिडेव्हिटपेक्षा.

मित्राचं, तो घाबरत असेल तर जबरदस्ती करू नका. त्याच्याशी झालेलं बोलणं मुलाने आपल्या निवेदनात लिहावं. पण मुलाचे आईवडील, बहीण यांनी का लिहून दिलं नाही हा प्रश्न मात्र नक्की येणार, कारण ते सहज मिळण्यासारखं आहे. घरच्यांचं म्हणून वजन कमी धरतील, तरी नसलं तर जास्त वाईट दिसतं.

तालुकावकील:
अ‍ॅफिडेव्हिट स्टँप पेपरवर नोटरी करून पाठवू का? लोक तसंच मागतात.

मृण्मयी_बे:
चालेल पण स्टँप पेपरचं इथे काही कौतुक नाही. साध्या कागदावर, अमेरिकेच्या कायद्याखाली खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून खरं सांगतो असं जाहीर करून सही केली तरी ग्राह्य धरतात. सोबत लिहिणाऱ्याच्या आधारची नाहीतर मतदार कार्डाची प्रत. मजकूर महत्त्वाचा. "मी यांना ओळखतो, त्यांच्या जिवाला धोका आहे" अशी चार ओळींची पत्रं गठ्ठ्याने येतात, सगळ्यांची भाषा एक, टाइप एकाच दुकानातलं, त्यांनी नुकसानच होतं. लिहिणाऱ्याने स्वतः काय बघितलं, काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, तेवढंच.

आणि आई मराठीच बोलत असेल तर तिच्या नावाने इंग्रजीत अ‍ॅफिडेव्हिट बनवून अंगठा घेऊ नका हो. घेतलंच तर तिला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवलं असा वाचणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. त्यापेक्षा तिने मराठीत लिहावं, तिच्या शब्दांत, आणि पारिजातने भाषांतर करावं.

दुभाषी:
उशिरा आलो. मी कोर्टात दुभाष्याचं काम करतो, हिंदी, गुजराती, क्वचित मराठी. कुठल्या केसबद्दल बोलणार नाही, फक्त आत काय चालतं ते.

कोर्टात दुभाषी सरकार देतं, फुकट. असायलम ऑफिसच्या इंटरव्ह्यूला मात्र आपला आपण न्यावा लागतो, आणि तिथे लोक चुलतभावाला नाहीतर शेजाऱ्याला नेतात, तो आपल्या मनाने गाळून सांगतो, ऑफिसर ते टिपून घेतो, आणि दोन वर्षांनी सरकारी वकील तेच टिपण काढून विचारतो की तेव्हा तुम्ही दोन माणसं म्हणालात, आज चार कशी? यांचा इंटरव्ह्यू झालाय म्हणजे तिथे काय बोलले ते आता आठवून लिहून काढा. काही चुकीचं गेलं असेल तर वकिलाला आधी सांगा, म्हणजे ते आपणहून दुरुस्त करता येतं. उलटतपासणीत निघालं की उशीर झाला.

२००५ च्या कायद्याने विसंगती मुद्द्याच्या गाभ्याशी असली पाहिजे ही अटच काढून टाकली. लग्नाची तारीख, गाडीचा रंग, कुठल्या पायाला लागलं, काहीही पकडता येतं, फक्त जज्जने एकूण परिस्थिती बघून ठरवायचं असतं. व्हिसाच्या फॉर्मवर काय भरलं होतं तेही समोर येतं. फेसबुक, इन्स्टासुद्धा.

तारखांचं तर विचारूच नका. आपल्याकडे माणसं सांगतात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर ऊस गेल्यावर. मग कुणीतरी घाईत इंग्रजी तारीख ठोकून देतं आणि ती अर्जात छापली जाते. पोळ्याची तारीख दरवर्षी सरकते. त्या वर्षीचं कॅलेंडर काढून बघा, आणि आठवत नसेल तर "साधारण ऑगस्टअखेर" असंच लिहा. न आठवणं हा गुन्हा नाही. खात्रीने चुकीचं सांगणं महागात पडतं.

निवांत_डॉक्टर:
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, अशा काही तपासण्या केल्या आहेत. दुभाषींच्या मुद्द्याला जोडून. मार खाल्लेल्या, दहशतीत राहिलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत येत नाही, एखादा वास, एखादं वाक्य लख्ख आठवतं आणि तारीख, क्रम गायब. जज्ज हे ऐकून घेतात पण ते रिपोर्टात लिहिलेलं असावं लागतं. याला इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका आहे, १९९९ ची, २०२२ मध्ये सुधारली. व्रण किंवा लक्षणं सांगितलेल्या घटनेशी कितपत जुळतात हे त्यात पायऱ्या ठरवून लिहितात. मी कधीही "हा माणूस खरं बोलतोय" असं लिहीत नाही, ते जज्जचं काम. आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात फोन करून रिपोर्ट मागू नका, एका भेटीत उरकलेल्या रिपोर्टाची उलटतपासणीत काय दशा होते ते मी बघितलंय. फी परवडत नसेल तर फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्सच्या ओळखीचे डॉक्टर आणि काही मेडिकल कॉलेजांतल्या क्लिनिक विनामूल्य करतात, वकिलामार्फत विचारा.

कट्टेकरी:
ठीक आहे, ही केस खरी आहे असं धरू. मग ते पुण्यातच का राहिले नाहीत? मुंबईला गेले असते, बेंगळुरूला गेले असते. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात लपायला जागा नाही?

मृण्मयी_बे:
अभिनंदन, सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. टोमणा नाही, खरंच. भारतीय केसेस सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

याचं उत्तर आधी कोणी काय सिद्ध करायचं यावर आहे. आधी छळ झालाय हे सिद्ध झालं तर पुढची भीती गृहीत धरली जाते, आणि मग दुसरीकडे सुरक्षित आणि रास्तपणे राहता आलं असतं हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. ते सिद्ध झालं नाही आणि छळणारं सरकार नसून खाजगी माणसं असतील तर ओझं अर्जदारावर. म्हणून एनसी आणि मारहाणीचे कागद इतके महत्त्वाचे, त्यांच्यामुळे ओझं बाजू बदलतं.

आणि पुरावा हाच की राहायचा प्रयत्न केला. लग्नानंतर पुण्यात कुठे राहिले? भाडेकरार असेल, ११ महिन्यांचा, घर बदललं असेल तर दोन करार. तिथे कुणी शोधत आलं का, सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशी केली का, ऑफिसात फोन आले का? तिच्या घरच्यांचा पक्षाशी, कारखान्याशी, पोलिसांशी काय संबंध आहे? पेपरमधल्या बातम्या, बॅनरवरचे फोटो, काहीही. हातपाय किती लांब पोचतात हे दाखवायचंय. आधारवर पत्ता बदलल्याचे कागद, नोकरी सोडल्याचं पत्र.

पारिजात:
पुण्यात त्यांनी दोनदा घर बदललं होतं! हे मी लिहिलंच नव्हतं, मला ते किरकोळ वाटलं. आणि दुसऱ्या घरी तिचा मावसभाऊ आला होता गाडी घेऊन. करार शोधायला सांगते आजच.

तालुकावकील:
सरकार संरक्षण देत नाही हे तुम्ही दाखवायला जाल तेव्हा समोरचा म्हणेल की भारतात कायदे आहेत. आणि आहेतच. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शक्तिवाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी स्पेशल सेल, सेफ हाउस सांगितले. आपल्या महाराष्ट्रात तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदाच आहे, २०१६ चा, दुसऱ्या राज्यात असा नव्हता. तो समोरचा सोनई काढेल, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं २०१३ चं दलित तरुणांचं तिहेरी हत्याकांड, नाशिकच्या कोर्टाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. म्हणेल बघा, यंत्रणा काम करते.

मग तुम्ही खर्डा काढायचं. त्याच नगर जिल्ह्यात, २०१४ ला शाळकरी दलित मुलगा दिवसाढवळ्या मारला गेला, साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे सुटले. दोन्ही निकाल दोन महिन्यांच्या अंतरात. मी वकील म्हणून सांगतो, दोन्ही फाइलमध्ये लावा. सोनई लपवलं तर समोरचा ते काढणारच आणि तुम्ही अर्धवट चित्र दाखवलं असं होईल. सोनईत शिक्षा माणसं मेल्यावर झाली, जिवंत असताना कुणी वाचवलं का हा मुद्दा आहे.

मृण्मयी_बे:
वकीलसाहेब, तुम्हाला इकडे बोलवायला पाहिजे. अगदी असंच. देशातल्या परिस्थितीचा भाग लोक स्टेट डिपार्टमेंटचा वार्षिक मानवाधिकार रिपोर्ट जोडून उरकतात. तो लागतोच, कायद्यातच त्याचा उल्लेख आहे, पण ऑगस्ट २०२५ ला आलेले रिपोर्ट आधीपेक्षा खूप आखूड झालेत, त्यामुळे जुन्या वर्षांचेही जोडा, ह्यूमन राइट्स वॉचचे जोडा, त्या जिल्ह्यातल्या मराठी बातम्या जोडा, भाषांतरासकट. भारतात जातीय अत्याचार होतात याची पाचशे पानं देऊन उपयोग नाही, जज्ज वाचत नाही. महाराष्ट्र, आंतरजातीय लग्न, पोलीस, एवढंच, आणि महत्त्वाच्या ओळी हायलाइट करून.

सामाजिक गटाची व्याख्याही वकीलबाईंना नीट बांधू दे. बाईच्या बाजूने घरगुती हिंसा, लिंग या अंगाने गेलं तर धोरण २०१४, २०१८, २०२१, २०२५ असं दर काही वर्षांनी उलटसुलट झालंय. जातीचा मुद्दा त्यामानाने भक्कम, म्हणून तो मुख्य ठेवतील असा माझा अंदाज. शिवाय एप्रिल २०२५ पासून अपुरे वाटणारे अर्ज साक्ष न घेताच फेटाळायला जज्जना प्रोत्साहन आहे, तेव्हा असायलमच्या अर्जात, म्हणजे फॉर्म आय-५८९ मध्ये, एकही रकाना मोकळा ठेवू नका, "सोबत जोडलेलं पाहा" एवढ्यावर भागवू नका.

पारिजात:
डोकं गरगरायला लागलं पण आता लिस्ट कशासाठी आहे ते कळलं. मुलाला आज हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला डॉक्टरांना पत्र पाठवायला बहिणीला सांगतो. दोन शेवटचे प्रश्न. एक, कागद किती दिवस आधी द्यायचे? दोन, माझं भाषांतर चालेल का, मी काही सर्टिफाइड वगैरे नाही, आणि नोटरी लागते का? एनसीवरचा पुसट शिक्का तर मला वाचताच येत नाहीये.

मृण्मयी_बे:
डिटेन्शनमध्ये नसलेल्यांना साधारण ३० दिवस आधी, पण जज्जने स्वतःची तारीख दिली असेल तर तीच पाळायची. उशिरा दिलेला चांगला कागद जज्ज घेत नाहीत असं होतं. आणि एक, जुलै २०२५ च्या कायद्यानंतर पेंडिंग केसला वर्षाची फी आलीय (२०२५ मध्ये १०० डॉलर होती), तिची नोटीस आली का ते वकीलबाईंना विचारा.

सरकारी कागदांवर अपोस्टिल (परदेशात चालावेत म्हणूनचं सरकारी प्रमाणन) नाही म्हणून ते आपोआप बाद होत नाहीत. ज्या यंत्रणेपासून पळून आलात तिच्याकडूनच प्रमाणपत्र आणा असं म्हणता येत नाही, हे थर्ड सर्किटने २००४ मध्ये मान्य केलंय. पण कागद कुणी, कधी, कुठून मिळवला आणि इकडे कसा आला ते लिहा. कुरिअरचं पाकीट फेकू नका.

भाषांतर तुझंच चालेल. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे खरं आणि अचूक आहे असा टाइप केलेला सहीचा दाखला प्रत्येक कागदामागे, त्यावर तुझा पत्ता आणि फोन. नोटरीची अट नाही. पण जोडप्यातल्या कुणीच स्वतःच्या कागदाचं भाषांतर करू नये.

दुभाषी:
शिक्क्यातलं जेवढं दिसतं तेवढं लिहा आणि पुढे चौकटी कंसात "अस्पष्ट" लिहा. अंदाजाने ठाण्याचं नाव भरू नका. मागच्या बाजूला हाताने काही खरडलेलं असेल तर तेही भाषांतरात घ्या, जावक नंबर बहुतेक वेळा तिथेच असतो.

पारिजात:
मागे खरंच काहीतरी आहे पेनने लिहिलेलं. बघते.